उजवीकडचा आवाज

बाबा, परवा रविवारी मी मोरा बंदरावरून लाँच पकडली आणि मुंबईत, तू सिनेमाचं मशीन चालवायचास त्या तुझ्या थेटरात गेले. ऑफिसातल्या बायकांनी मला वेड्यात काढलं. बेलापूरला राहणारी बाई मुंबईला जायला आधी उलटी उरणला कशाला जाते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माहेर आहे माझं, मी जाईन नाहीतर पोहत जाईन, तुम्हाला काय टेन्शन. पण ओहोटीचं टायमिंग मी साफ विसरले होते. धक्क्याला गाळ तसाच आहे अजून, पाणी पार मागे गेलेलं, आणि तिकीटवाला म्हणाला की पाणी भरेपर्यंत लाँच काही लागायची नाही. सव्वा तास बसले बाकड्यावर. तेव्हा आठवलं, तू घड्याळ बघून कधीच निघायचा नाहीस. तीनच्या खेळाला कधी सकाळी सातलाच घर सोडायचास, कारण नंतर पाणी जायचं. आई डबा भरता भरता कुरकुरायची की सिनेमा दुपारचा आणि नवरा पहाटेचा. बसल्या बसल्या हसू आलं, आणि मग ते हसू कुठे गेलं कळलं नाही.

भाचीने मोबाईलवर जाहिरात पाठवली होती. कुठल्याशा फिल्म सोसायटीने जुने सत्तर एमएमचे सिनेमे दाखवायचं ठरवलंय, तुझ्याच थेटरात, खऱ्या रिळावर, जुन्या मशीनवर. खाली सिनेमाचं नाव होतं. तोच सिनेमा, बाबा. नाव लिहीत नाही. आपल्या घरात ते नाव नंतर कोणी घेतलंच नाही, रेडिओवर त्यातलं गाणं लागलं की आई उठून बटण फिरवायची. मी तिकीट काढलं, रद्द केलं, परत काढलं. शेवटी स्वतःलाच म्हटलं, बये, छप्पन्न वर्षांची झालीस, सिनेमाला काय घाबरतेस.

मे महिन्याच्या सुट्टीत तू मला केबिनमध्ये न्यायचास ते मला अजून वासासकट आठवतं. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळल्याचा वास, गरम तेल, आणि तुझ्या डब्यातल्या सुकटीचा. दोन मशीनं शेजारी शेजारी. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ तयार, आणि पहिलं संपायच्या क्षणी दुसरं सुरू करायचं, खाली बसलेल्या हजार माणसांपैकी एकालाही कळता कामा नये. ते कळू न देणं हीच तुझी नोकरी होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जायचा, ती कंपनीची खूण. पण ठिपक्यावर तुझा भरवसा नव्हता. तो कधी पुसट असायचा, कधी चित्राच्या उजेडात बुडायचा. म्हणून सगळे ऑपरेटर करायचे तेच तूही करायचास, रीळ नवीन आलं की शेवटाकडे, चित्राच्या कोपऱ्यात, सुईने आपली खूण कोरायचास. नियमात बसत नव्हतं ते. मॅनेजरला माहीत होतं, पण तो काणाडोळा करायचा.

तुझी खूण म्हणजे छोटं तिकोनी शीड. आईच्या गोधडीच्या सुईने फिल्मच्या चार-पाच चौकटींवर अलगद ओरखडा. मला भिंगातून दाखवलं होतंस. म्हणालास, हे रीळ इथून नाशिकला जाईल, कोल्हापूरला जाईल, तिथला ऑपरेटर मला ओळखत नाही, पण हे शीड दिसलं की तो दुसरं मशीन सुरू करील. माझी छाती इतकी फुगली होती! शाळेत सांगितलं तर कोणाला पटलं नाही, ते जाऊ दे. त्या दिवसापासून मला आपणही एक शीड काढावं असं वाटायला लागलं. तुझ्यासाठी. तुझं काम वाचावं, आणि तू बघून चकित व्हावंस म्हणून.

हा सिनेमा लागून दोन दिवस झाले होते. तीनचा खेळ सुटला होता. चौथं रीळ परत उलटं गुंडाळायचं बाकी, शेवटाचं टोक वर, टेबलावर तसंच पडलेलं. तुला खाली ऑफिसात बोलावणं आलं. जाताना म्हणालास, कशाला हात लावायचा नाय. तू जिन्याच्या खाली पोचायच्या आत मी सुई घेतली होती. रिळाचं टोक नुसतं काळं होतं, म्हणून बरीच फिल्म ओढून चित्रापर्यंत आले. चित्रात नीट कोरता येईना. कडेला मात्र एक तपकिरी पट्टी होती, गुळगुळीत, सुई लावली की छान भुकटी निघायची. मला वाटलं, इथे काढलेलं शीड जास्त स्पष्ट दिसेल. एक काढलं, ते वाकडं आलं, म्हणून पुढे दुसरं काढलं. मग तिसरं. दोन हात लांब पट्टी मी खरवडून काढली, बाबा, जीभ बाहेर काढून, मन लावून. त्या पट्टीवरच उजवीकडचा आवाज असतो, हे तू मला सांगितलं नव्हतंस. मीही विचारलं नव्हतं.

सहाचा खेळ हाऊसफुल्ल. चौथ्या रिळाच्या शेवटी टांगा येतो ना, डावीकडून उजवीकडे धावणारा. सत्तरची सगळी मजा त्यात होती. टापांचा आवाज घोड्याबरोबर पडद्यावरून चालत जायचा आणि लोक माना वळवायचे. तू मला त्या वेळी बारीक खिडकीपाशी उभं करायचास, खालच्या माना बघ म्हणायचास. त्या संध्याकाळी टांगा अर्ध्यात आला, उजवीकडे गेला, आणि खट्ट करून आवाज गेला. घोडा मुका पळत होता. दोन सेकंद असतील. मग आवाज परत आला, पण तोवर खालून शिट्ट्या, आरडाओरडा सुरू झाला होता.

तू आधी दुसरं मशीन सुरू केलंस. वेळेवर, एक चौकट इकडेतिकडे नाही. मग माझ्याकडे बघितलंस. माझ्या नखांत ती तपकिरी भुकटी होती, फ्रॉकवर होती. कोपऱ्यातल्या मडक्यातलं पाणी घेतलंस आणि माझे हात धुतलेस, एकेक बोट, नखाच्या आतून, मग फ्रॉकचा घेर ओला करून चोळलास. जिन्यावर मॅनेजरच्या बुटांचा आवाज यायला लागला होता. तू खाली वाकून म्हणालास, "आज कोनी काय बी इचारला तरी तू गप ऱ्हायाचा."

मॅनेजरने मला विचारलंच नाही. कशाला विचारेल? तुझी खूण कोरायची सवय त्याला ठाऊक होती. तू म्हणालास, "माज्या हातून झाला, साहेब. सुई घसरली." तो तुझ्याकडे बघत राहिला. बावीस वर्षं सुई न घसरलेला माणूस, त्याची सुई दोन हात लांब कशी घसरेल, हे त्याच्याही डोक्यात आलं असणार. मी स्टुलावर बसले होते, ओला फ्रॉक मांडीखाली दाबून. एक शब्द बोलले असते तर! पण मी बोटांकडे बघत बसले.

रीळ भाड्याचं, परदेशात बनलेलं, वितरकाने रान उठवलं. तुला नोकरीवरून काढलं नाही, पण मशीनवरून काढलं. हातात टॉर्च दिला. त्याच थेटरात, त्याच माणसाने, लोकांना खुर्च्या दाखवायच्या. नवा ऑपरेटर वर असायचा आणि मशीन बदलताना कधी चुकला की पडदा क्षणभर पांढरा पडायचा. त्या पांढऱ्या उजेडात तुला मधल्या वाटेवर टॉर्च विझवून उभं असलेलं मी एकदा बघितलंय. तुझी मान वर, केबिनच्या खिडकीकडे. त्यानंतर मी सुट्टीत यायचं बंद केलं. पोटात दुखतं म्हणायचे.

आईला तू हेच सांगितलंस, सुई घसरली. ती आयुष्यभर तुला बोलली. पगार कमी झाला त्याचं तिला इतकं नव्हतं, ऑपरेटरची बायको म्हणून पाड्यात तिला मान होता, तो गेला. चारचौघांत म्हणायची, "याचा ध्यान कवा कामात नव्हताच." तू हसून मान हलवायचास, जसं काही दुसऱ्याच माणसाबद्दल चाललंय. आणि मी तिथेच मासे साफ करत बसलेली असायचे. तू गेलास, त्यानंतर सोळा वर्षांनी ती गेली, आणि ती जाईपर्यंत तेच बोलत राहिली. तिच्या उशाशी मी तीन आठवडे होते. तेवढ्यात सांगून झालं असतं.

तुला मात्र मी एकदा सांगायला गेले होते, आठवतं? मला बेलापूरला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले होते. तू ओसरीवर जाळं विणत होतास. मी म्हटलं, बाबा, ते चौथं रीळ... तू वर न बघता म्हणालास, "कोनता रील? मना नाय आठवत." आणि चहा टाक म्हणालास. सगळ्या सिनेमांची सगळी रिळं पाठ असलेला माणूस! मला कळलं की तू मला सोडवतोयस. आणि मी सुटले, बाबा. पटकन सुटले. चहा टाकला, पेढे दिले, बसने परत आले.

परवा पडदा उघडला तेव्हा सगळं गुलाबी होतं. जुन्या रिळांचे रंग असेच उडतात म्हणे, निळं जातं, हिरवं जातं, नुसता तांबूसपणा राहतो. समुद्रसुद्धा गुलाबी. पण आवाज! आवाज तसाच होता, छातीवर येणारा. माझ्या बाजूला एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, ते डोळे मिटूनच बसले. मी मात्र डोळे फाडून वरच्या कोपऱ्याकडे बघत होते. हीच ती प्रत असेल तर तुझं शीड दिसेल, एवढंच माझ्या मनात. पहिलं रीळ संपलं. कोपऱ्यात काही नाही. दुसऱ्यालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. मी स्वतःला सांगितलं, दुसरीच प्रत असेल, बरं झालं. मग डावीकडून टांगा निघाला.

माना वळल्या, अजूनही वळतात. टापा मध्यापर्यंत आल्या, उजवीकडे सरकल्या, आणि खट्ट. घोडा मुका पळायला लागला. मी तोंडावर पदर दाबला. दोन सेकंद, बाबा, तेवढेच. त्यानंतर मी कोपऱ्याकडे बघितलं, तुझी खूण तिथेच पुढे असायला हवी होती. नुसता गुलाबी उजेड होता आणि मशीन बदललं, जरा धक्का देऊन.

खेळ संपल्यावर ती फिल्म सोसायटीची बाई माइक घेऊन पुढे आली. तिशीतली असेल, चुणचुणीत, मनापासून बोलणारी. तिने सांगितलं की प्रत एका गोदामात सापडली, इथेच पहिल्यांदा लागलेली. रिळांची शेवटाची टोकं सगळ्यात जास्त झिजतात, तुटतात, मग तेवढा भाग कापून टाकतात, म्हणून मधेमधे उडी वाटली असेल. म्हणजे असं कापलं गेलं तुझं शीड! एकूण एक. आणि माझं राहिलं, कारण मी फिल्म जास्त आत ओढली होती. मग ती म्हणाली, "आणि टांग्याच्या सीनला साउंड जातो, त्याबद्दल सॉरी. त्या वेळच्या कुठल्यातरी ऑपरेटरने पट्टी खरवडलीय. इतकी सुंदर प्रत, आणि इतका निष्काळजी माणूस." लोक हळहळले. कोणीतरी मागून च्च च्च केलं.

कोणाला काही विचारायचंय का, असं ती म्हणाली आणि माझा हात वर गेला. खरंच गेला. माइक माझ्यापर्यंत आला. सगळं वाक्य तयार होतं, लाँचमध्ये बसल्यापासून तयार होतं, की तो ऑपरेटर माझा बाप होता आणि ती सुई माझ्या हातात होती. शंभर-दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "पुढच्या रविवारी पण हाच आहे का?"

नाही म्हणाली ती. प्रत फार नाजूक झालीय, आता परत मशीनवर चढवणार नाहीत. मी थँक्यू म्हटलं आणि खाली बसले.

हे मी ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, जेवायच्या सुट्टीत दार लावून. कुठे पाठवणार? घडी करून आईच्या सुयांच्या डब्यात ठेवीन, ती सुई अजून त्यात आहे. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की बाबानेच गप राहायला सांगितलं होतं, मी आपली त्याचं ऐकतेय. पण तू 'आज' म्हणाला होतास, बाबा. आज गप राहा, एवढंच. बाकीचे सगळे दिवस मी माझ्या मनाने गप राहिले.