निळी जीप विकू नये

मी, शेवंती हरिश्चंद्र मेस्त्री, वय ६९, राहणार तळेरे, तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग, माझ्या मागे कशाचे काय करायचे ते आज माझ्याच हाताने लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. वकील विनीता परब यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब थोडा जास्त, बुद्धी ठीक, असे त्यात आहे. गाड्यांचे होते तसे माझे पासिंग पहिल्या खेपेला झाले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, अंगण आणि विहीर माझी मुलगी जान्हवी हिला द्यावी. पोस्टातली ठेवही तिचीच. माझे दिवसकार्य साधे करावे. ओटीवरची लाकडी खुर्ची तिने टाकू नये. तिचे वडील शेवटची चार वर्षे त्या खुर्चीत बसले, जीपकडे पाठ करून.

२. पुस्तकांचे कपाट गावच्या वाचनालयाला द्यावे. ग्रंथपाल किशोरी तेली यांनी माझ्याकडे कधी पुस्तक परत मागितले नाही, म्हणून ते इतके भरले. मी शाळेत गेलेली नाही. माझे पती जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकायचे. त्यांचे कागद पत्र्याच्या पेटीत असत. घरात कोणी नसताना मी ते उघडून एकेक अक्षर लावत असे. कोणाला न विचारता मी वाचलेला पहिला शब्द ‘नापास’ हा आहे. पतीला वाटे मी कागदांवरची धूळ पुसते. मीही तसेच वाटू दिले.

३. पतीची सर्व हत्यारे, पान्यांचा संच आणि दोन्ही जॅक पुतण्या विकी याला द्यावेत, कारण हात त्याचाच चालतो. अट एकच. कुठल्याही गाडीचे ब्रेक त्याने फक्त पासिंगपुरते बदलू नयेत. तसे केल्याचे कळले तर जान्हवीने हत्यारे काढून घ्यावीत. ही अट का, ते पुढे आहे.

४. फणसाखाली उभी असलेली मोडकी निळी जीप, मागे हौदा असलेली.

ही गाडी कोणालाही विकू नये, फुकटही देऊ नये. विकी तिच्यासाठी तीनदा येऊन गेला. “गाडी सडली तरी चलात गो काकी, माका फक्त कागद होये,” म्हणाला. त्या कागदांवर दुसरीच एखादी गाडी रस्त्यावर उभी राहील हे मला कळते. म्हणून माझ्या मागे महिन्याच्या आत जान्हवीने ही गाडी परवाना असलेल्या भंगारवाल्याकडून कापून घ्यावी, चेसिस नंबरचा तुकडा आरटीओ कार्यालयात जमा करावा आणि नोंदणी रद्द झाल्याचा दाखला माझ्या फोटोमागे ठेवावा.

आता खरे ते लिहिते. २०१४ साली ही जीप पासिंगला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे का त्या सरकारी तपासणीला, तीनदा गेली. तिन्ही वेळा तपासणाऱ्या साहेबांनी लिहिले, “मागचे ब्रेक कमी. हॅन्डब्रेक धरत नाही. नापास.” अक्षर सुंदर होते. आमच्याकडे त्याच बनावटीची घरची एक जीप होती. पतीने तिचे ब्रेक आणि टायर काढून निळीला बसवले, चौथ्यांदा ती पास झाली, आणि संध्याकाळी परत अदलाबदल केली. त्यांच्या मते यात पाप नव्हते, कारण गिऱ्हाईकाला गाडी देण्याआधी ते देवळात गाऱ्हाणे घालून घेत. पुजाऱ्याने देवाला सांगायचे की ह्या गाडीक आणि गाडयेत बसणाऱ्याक सांभाळ, आणि आम्ही सगळ्यांनी म्हणायचे, “होय महाराजा.” नापास गाडीला देव पास करील, असा त्यांचा विश्वास होता. खोटा नव्हता तो विश्वास. म्हणूनच तो वाईट होता.

जीप घ्यायला मालवणचा मंगेश मालंडकर आला. त्याला मासळी कणकवलीच्या बाजाराला न्यायची होती. गाऱ्हाणे झाले, नारळ फुटला. बाहेर आल्यावर त्याने पतीला सोडून मला विचारले,

“काकी, तुमी खोटा बोलूच्यात नाय. गाडी बरी आसा मां?”

“बरी आसा रे,” मी म्हटले.

पंधराव्या दिवशी उतारावर ब्रेक लागले नाहीत. गाडीत तो एकटाच होता, जागीच गेला. सव्वीस वर्षांचा. मला वाचता येत नसते तर मी सुटले असते.

कागद अजून पतीच्याच नावावर होते, म्हणून पोलिसांनी जीप सोडल्यावर त्यांनी ती इथे आणून ठेवली आणि धंदा बंद केला. ते गेल्यापासून रोज दिवेलागणीला मी तिच्या चाकामागे जांभ्या दगडाचा चिरा लावते. सकाळी तो वीतभर सरकलेला असतो. कुत्रे सरकवत असतील, असे जान्हवी म्हणते. मी वाद घालत नाही. दुपारची जेवणे झाली की जीपमधून ब्रेकचे पेडल दाबल्याचा आवाज येतो. तीनदा, घाईघाईने. ब्रेक कमी असले की माणूस असाच पेडल मारतो. चौथ्यांदा आवाज येत नाही.

५. काजूची बाग, सर्व झाडांसह, मंगेशची आई चंद्रावती मालंडकर हिला द्यावी. हे मृत्युपत्र वाचले जाईपर्यंत तिला यातले काही माहीत नसेल.

(वरील कलम ५ मी आज रद्द केले आहे. बाग जान्हवीकडे जाईल. कारण खाली देते.)

६. मी मेल्यावर चंद्रावतीला हे कागदावरून कळावे, हा माझा भित्रेपणा होता. म्हणून आज सकाळी तिला मालवणहून बोलावून घेतले आणि पहिल्या ओळीपासून सगळे वाचून दाखवले. ती ओटीच्या पायरीवर बसली होती. पाणी घेतले नाही.

“तीनदा नापास?” तिने विचारले.

“तीनदा.”

“आणि तुका वाचूक येय होता.”

“येय होता.”

“मगे माझ्या झिलाक सांगलंस नाय कित्याक?”

“घोव पुढ्यात उभो होतो.”

“माझो झील पण पुढ्यातच उभो होतो,” ती म्हणाली.

मी बागेचे कलम पुन्हा वाचले. ती म्हणाली, “माका तुझी बाग नको. बाग घेतलंय तर गाव म्हणतला, मिटला. माझा मिटाक नाय. साक्षीदार कोण आसत? माझो अंगठो घेवा.”

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीच घेता येत नाही, असे ओटीवर बसलेल्या वकीलबाईंनी तिला समजावले. “मगे बरा,” ती म्हणाली. मग तिने एकच गोष्ट मागितली. “ब्रेकचो पेडल काढून दी. त्येच्यार त्याचो पाय होतो.” ते मी मेल्यावर देता आले नसते, म्हणून हयातीत, आजच दिले. विकीला बोलावले, त्याने पाना लावून काढले. जीप कापताना पेडल सापडणार नाही, याची जान्हवीने नोंद घ्यावी.

वकीलबाई दुरुस्त्या तपासत होत्या तोवर दुपार झाली. चंद्रावती पायरीवरच होती, पेडल पदरात घेऊन. तेव्हा जीपमधून आवाज आला. तीनदा. तिने पदरातल्या पेडलकडे पाहिले, मग फणसाकडे, मग माझ्याकडे.

“तू रोज आयकतंस?”

“रोज.”

तिने पेडल पदरात गाठ मारून बांधले. मग म्हणाली, “खंय उठवूचो अंगठो?”

हे सर्व मी लिहिले, वाचून पाहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार:
सही – शेवंती हरिश्चंद्र मेस्त्री

साक्षीदार:
१. सही – किशोरी तेली, ग्रंथपाल, तळेरे
२. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा – चंद्रावती मालंडकर, मालवण, मंगेशची आई

ठिकाण: तळेरे, ओटीवर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४