तंबूला अस्तर

१४ मे

प्रिय दादा,

आपल्या इमारतीच्या मागच्या भिंतीची भेग कालपेक्षा बोटभर रुंदावली आहे. इंजिनिअरसाहेबांनी आज सकाळी स्वतः पट्टी लावून पाहिलं आणि सांगितलं. बाकी आई आणि मी बऱ्या आहोत. वहिनीला, मुलांना आठवण सांग.

तू विचारलं होतंस, इमारत रिकामी केल्यापासून समोरच्या मैदानात एवढ्या उन्हात राहता कसं. शिकलेय आता. नुसत्या ताडपत्रीखाली भट्टी होते, म्हणून तिच्याखाली वीतभर अंतर सोडून जुनी चादर ताणून शिवली. मधून वारा खेळतो. शेजारच्या तंबूतले न्हावीकाका आईला म्हणाले, "पोरगी तंबूला अस्तर लावतेय. उद्या काज-बटणंही करेल." पश्चिमेला ओली पोती टांगली आहेत. खाट विटांवर चढवली, खाली वाळू पसरून तिच्यावर पाणी शिंपडते. पाण्याचा माठ पोत्यांच्या सावलीत. मानेला ओला रुमाल. खर्च म्हणशील तर सुतळीचा तेवढा.

हे सगळं हौसेने करत नाही, दादा. आई दुपारची घरात जाते.

चौकट तिरकी झाल्यापासून दार लागतच नाही, कुलूप कुठे घालणार? मी शिवायला खाली मान घातली की ती निघते. आपल्या मागच्या खोलीत फरशीवर जाऊन झोपते. पकडलं तर म्हणते, "तुझ्या तंबूत मी वाफेवर शिजते. भिंत पडायची तेव्हा पडेल, उकाडा आत्ता होतोय." म्हणून रोज काहीतरी नवं करून बघते, तंबू त्या खोलीपेक्षा गार व्हावा म्हणून. होत नाही.

फोनवर हे बोलता येत नाही, ती शेजारीच असते.

आज पुन्हा गेली. मी धावत आणायला गेले. आत अंधार, फरशी गार. भेगेतून पलीकडचं ऊन दिसत होतं. "आई, ऊठ," म्हटलं, तर म्हणाली, "जरा टेक तरी."

मी टेकले. टेकले आणि झोप लागली.

जाग आली ती तोंडावर चुना पडला म्हणून. आईच्या पापण्यांवरही चुना होता आणि तिने डोळे उघडले नव्हते. तिला हलवायला माझा हात उठेना. मग तीच खोकली.

तेव्हापासून सुईत दोरा जात नाही. भिंतीची भीती आहेच. पण आत्ता लिहितानासुद्धा पाठीला ती फरशी आठवतेय, त्याची जास्त वाटते. आईला आवरायला मी होते. मला कोण आवरणार?

इमारत परवा पाडणार आहेत. म्हणजे उद्याची दुपार उरली. पत्र आपल्या ट्रकवाल्या शेजाऱ्याकडे देतेय. तो आज तुझ्याकडे पोहोचेल आणि पहाटे परत निघेल. त्याच्याबरोबर ये. ऊन चढायच्या आत ये.

अजून बाहेर असलेली,
तुझी धाकटी