पानं उलटणारा टेलर

तीर्थस्वरूप आक्का हिस,

धाकट्याचा, चष्मा सावरून आणि होईल तेवढं वाकून, नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही, असं तू लिहिलं होतंस. वरच्या मजल्यावरच राहायला जा, असं मी सुचवणार होतो (पण एकदा उतरलीस की पुन्हा चढावं लागेल, हे नंतर लक्षात आलं). भावजींचा खोकला गेला असेल. आम्ही सगळे बरे आहोत. पत्र सहजच लिहितोय, काही काम नाही.

तुझ्या भाचीचा येत्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम आहे. ती पियानो वाजवणार आणि समुद्रापलीकडून आलेले एक पाहुणे चेलो वाजवणार. चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, दोन गुडघ्यांत धरून वाजवतात. त्याला विमानात स्वतंत्र खुर्ची घ्यावी लागते (मी जन्मात विमानात बसलो नाही, आणि हे लाकूड खिडकीशी बसून आलं). पाहुणे मोठे वादक आहेत, वय सत्तरीचं, आणि इतके उंच की माप घ्यायचं तर मला स्टुलावर चढावं लागेल. पोरीला त्यांच्यासोबत वाजवायला मिळणं म्हणजे लहान गोष्ट नाही. दोन महिने ती जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत होती.

आता पियानो वाजवताना दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा समोरच्या कागदाची पानं उलटायला माणूस लागतो. पायाने कळ दाबली की पडद्यावरचं पान उलटतं, असं यंत्रही मिळतं म्हणे, पण पाहुण्यांना त्या पडद्याचा उजेड डोळ्यांत खुपतो. नेहमी पानं उलटणाऱ्या बाईंची ऐन वेळी पाठ धरली. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मी दुकान मोठ्या कारागिरावर सोपवल्यापासून मोकळाच असतो (तुझी भावजय याला ‘पायात येणं’ म्हणते). पोरगी म्हणाली, “बाबा, काही वाचता यायला नको. मी मान हलवली की पान उलटायचं, एवढंच.”

एवढंच! आक्का, पियानो वाजवणारा माणूस सारखीच मान हलवत असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या तालमीला मी पियानोच्या डाव्या बाजूला खुर्चीवर बसलो. तिने मान हलवली, मी उठून पान उलटलं. तिने डाव्या हाताने ते परत मागे आणलं आणि पुन्हा मान हलवली. मी पुन्हा उलटलं. ती नंतरची मान ‘नाही’ म्हणून हलली होती. त्यात पाहुणेही डोळे मिटून मान हलवायचे, आणि पाहुण्यांना दुखवायचं नाही म्हणून एक पान मी त्यांच्या मानेवरही उलटलं.

दोष पानांचा आहे, असं मी ठरवलं. कागद पातळ, कोपरा बोटात येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते सगळे कागद दुकानात नेले आणि प्रत्येक कोपऱ्याला पकडायला कापडी पट्टी शिवून दिली. काम इतकं सुबक झालं की कारागिराने हात पुसून पाहिलं. संध्याकाळच्या तालमीत पहिली चार पानं लोण्यासारखी उलटली. पाचव्याला दोन पानं एकदम गेली, कारण मी ती एकमेकांना शिवली होती. पोरगी वाजवता वाजवता भलतीकडेच जाऊन पडली आणि पाहुणे त्यांच्या वाटेने निघून गेले. शेवटी दोघंही थांबले. तिने ती जोडलेली पानं वर धरली. दुहेरी टाका होता, उसवेना.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “आपण दुसरं कुणीतरी बघू या.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. बावीस वर्षं मी तिचं वाजवणं मशीनच्या खडखडाटातूनच ऐकलं. एकदाही समोर जाऊन बसलो नाही; कधी गणवेशांची घाई, कधी लग्नाचे कपडे. आता इतक्या जवळ बसायला मिळालं, तर दोन दिवसांत हकालपट्टी.

पाहुण्यांनी मात्र ती पानं हातात घेतली, टाके निरखले आणि हसत हसत अंगातला कोट काढून माझ्यापुढे धरला. उजव्या काखेतलं अस्तर उसवलेलं होतं. चेलोचा गज ओढून ओढून तिथेच ताण येतो. सुई-दोरा माझ्या खिशात असतोच. मी तिथेच बसून शिवायला घेतलं, आणि तेवढ्या वेळात पोरीने पानं कात्रीने सोडवून एकटीनेच वाजवायला सुरुवात केली. मी शिवता शिवता बघत होतो. आक्का, मला गाण्यातलं कळत नाही, पण खांद्यातलं कळतं. माप घेताना गिऱ्हाईक ताठ उभं राहतं. ते श्वास सोडून खांदा खाली आणेपर्यंत मी थांबतो, कारण तेच खरं माप. तर पान संपायच्या जरा आधी पोरीचा डावा खांदा बोटभर वर उचलला जात होता. प्रत्येक पानाला!

कोट दिला आणि म्हटलं, “एकदाच बसू दे.” तिने खुर्चीकडे पाहिलं. मी मानेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, खांदा धरून बसलो. एकोणीस पानं, आक्का, एकही चुकलं नाही. शेवटी पाहुण्यांनी गजाने चेलोच्या पाठीवर टकटक केलं (ही त्यांची शाबासकी असते). पोरगी म्हणाली, “जमलं की हो, बाबा.” चाळीस वर्षांच्या धंद्यात कुठल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून इतकं बरं वाटलं नव्हतं.

असो. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. काम नाही म्हटलं खरं, पण एक आहे. पानं उलटणाऱ्यानेही काळा कोट घालायचा असतो म्हणे, आणि जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवणाऱ्या माणसाकडे स्वतःचा एकही नाही. भावजींच्या निवृत्तीला मी शिवलेला कोट शुक्रवारच्या आत पाठव. ते आता त्यात मावत नाहीत, हे त्यांना सांगू नकोस. धुवायला दिलाय म्हण. आणि अस्तर उलटून बघू नकोस, तेव्हा घाई होती.

ता. क. दुसरा. पत्र बंद करायच्या आधी चहा द्यायला पोरीच्या खोलीत गेलो. ती एकटीच वाजवत होती, पानंही स्वतःच उलटत होती. मी दारातच उभा राहिलो. सात पानं झाली. खांदा एकदाही हलला नाही. चहा ठेवून परत आलो. तालमीत ती तो माझ्यासाठीच उचलत होती; मला हे कळलंय, ते तिला कळू देऊ नकोस. तू शनिवारी ये, पण खांदा बघायचा म्हणून बसू नकोस. तो समोरच्या लोकांना दिसत नाही, फक्त माझ्या बाजूला असतो.