तक्त्यावरचा चेहरा

अंबरनाथ, १२ जानेवारी २००६, गुरुवार

सकाळी गरोदर सुनेला तपासायला दवाखान्यात नेलं. भिंतीवरच्या तक्त्यावर एका बाळाचं चित्र. बारीक डोळे, नाकाखाली खळगी नाही, वरचा ओठ पातळ, सपाट. आमची शोभाच! चाळिशीची झाली, अजून बटण लावता येत नाही. माझ्या लेकीचा चेहरा यांच्या भिंतीवर कसा?

"पोटुशी बाईनं दारू घेतली की असं होऊ शकतं, बाबा," नर्स म्हणाली. "तुमच्या घरात नाही ना कोणी घेतलेली?"

"नाही."

शोभाच्या वेळी बायकोची कंबर दुखायची. रोज संध्याकाळी मीच पेलाभर गावठी पाजायचो. ती नको म्हणायची. मी म्हणायचो, औषध आहे, गीळ.

ती बिचारी समजते, ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोर अशी झाली. आजही ग्रहण नसताना सुनेपुढची विळी काढून घेतली. "माझ्या हातून झालं ते पुरे गं," म्हणाली.

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. समोर शोभा बसलेली. त्या सपाट ओठावर बोट ठेवून माझ्याकडे एकटक बघत होती. तिला काय कळणार? पण बोट हलेना.

"काही म्हणालात का हो?" बायकोनं विचारलं.

नाही म्हणालो. आज दुसऱ्यांदा.