पाळी बदलली

आई,

प्रदर्शन आज दुपारी संपलं. चित्रं उतरवली, खिळे काढले, सुतळी गुंडाळून ठेवली. हॉलची किल्ली शाळेच्या शिपायाला द्यायची राहिलीय आणि जमिनीवरची एक रेघ पुसायची राहिलीय. फडकं ओलं करून आणलं आणि हात थांबला. म्हणून त्या रेघेजवळच बसून तुला लिहितेय. तुला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. रडून झालं, पण भांडायचं राहून गेलं होतं.

"कसलं गं प्रदर्शन?" असं विचारशीलच तू. माझं, माझ्या एकटीचं! चिंचवडच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवते ना, तिथल्या मोठ्या बाईंनी सुट्टीत हॉल दिला. चित्रं सगळी एकाच खोलीची, आपल्या पिंपरीच्या खोलीची. साताऱ्याकडचं गाव सोडून तात्या कंपनीत लागले तेव्हाची ती पत्र्याची खोली. एका भिंतीला स्टोव्ह आणि मोरी, दुसऱ्या भिंतीला तात्यांची खाट, आणि उरलेल्या जागेत तू आणि मी.

आपल्या घरात घड्याळापेक्षा पाळीचा दरारा मोठा. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी असली की तात्या दिवसभर डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपलेले. तू भांड्यांखाली जुनं लुगडं घालून भांडी घासायचीस. मी गोधडीची घडी करून तिच्यावर सागरगोटे खेळायची, म्हणजे आवाज नको. हसूसुद्धा मी बिनआवाजाचं शिकले होते, आठवतं? आणि मग एखाद्या दिवशी तात्या दारात सायकल लावत असताना तू उंबऱ्यातून म्हणायचीस, "अहो, पाळी बदलली." ते नुसती मान डोलवायचे. मला ती कंपनीची बातमी वाटायची.

सगळ्या चित्रांत तू पाठमोरी आलीस, आई. तुझा चेहरा काढायला बसले की तुझा अंबाडा, तुझं पोलकं, पाठीवरचा घामाचा डाग एवढंच हाताला यायचं. तू आमच्याकडे तोंड करून निवांत बसलीस कधी?

बसायचीस. महिन्यातून तीन दिवस, त्या कोपऱ्यात.

कावळा शिवला म्हणायचं आणि बाहेर बसायचं, ही गावची रीत. एका खोलीत बाहेर कुठून आणणार? मग तात्यांनी माझ्यासाठी कंपनीतून आणलेला पांढरा खडू तू घ्यायचीस आणि भिंतीपासून ट्रंकेपर्यंत शहाबादी फरशीवर रेघ ओढायचीस. रेघेच्या आत एक चटई, एक तांब्या आणि तू. त्या दिवसांत तात्या पिठलं करायचे, जाड, गुठळ्यांचं. मी रेघेला पायाची बोटं टेकवून तुझ्यासमोर बसायची. जरा पुढे सरकले की तू डोळे मोठे करायचीस. कुशीत यायचं असायचं गं मला, दुसरं काय?

मग मी मोठी झाले. एका सकाळी रडत उठले, तर तू काय सांगितलंस? "काही नाही झालेलं. मोठी झालीस." संपलं! तेवढ्यावर माझ्याभोवतीही रेघ ओढलीस. मला नीट सांगायला तुझी जीभ का उचलली नाही? वर्गातली मैत्रीण कानात म्हणाली, "पाळी आली का गं तुला?" मी मोठ्यानं सांगितलं, "माझी नाही, तात्यांची. ह्या आठवड्यात तिसरी आहे." पोरी हसून हसून बेजार झाल्या. सांग, मी काय चूक बोलले? आपल्या घरात तो शब्द उठता-बसता चालायचा. तोच आपल्या दोघींसाठी तोंडातून काढायची चोरी का होती?

एक मात्र कबूल करते. रेघ तू अशी ओढायचीस की खिडकी आत यावी. उजेड माझ्या हातावर पडायचा. मी उरलेला खडू घेऊन फरशीवर चित्रं काढायची. चौथ्या दिवशी न्हाऊन आले की रेघ पुसलेली असायची आणि चित्रं तशीच असायची. ती तू संध्याकाळी, मी बघून घेतल्यावर पुसायचीस.

म्हणून प्रदर्शनाला नाव दिलं 'पाळी'. पाटी मीच रंगवली, निगडीच्या आपल्या घरी, अंगणात. तात्यांनी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे नाव काढ."

"तुमचाच शब्द आहे, तात्या."

"माझा येगळा. चारचौघांत लावायचा शब्द हाय व्हय हा? तुझ्या आईला लाज वाटली असती. मी न्हाई येनार."

ते येणार नाहीत याचं वाईट वाटलंच, पण तुझ्या नावानं जे बोलले ते जास्त लागलं. कारण मला उत्तर माहीत नव्हतं! मी तुझ्यासाठी म्हणून जे मांडत होते, त्यानंच तू खाली मान घातली असतीस का? माझ्याकडे पुरावा म्हणून एकच गोष्ट होती. पिंपरीची खोली सोडून निगडीला आल्यावर तुझं थांबलं, तेव्हा तू ती चटई गच्चीवर उन्हात टाकलीस आणि म्हणालीस, "मी झाले गं बाई रिटायर!" ती थट्टा होती की नुसती सुटका? तेव्हाच विचारायला हवं होतं.

पाटी बघून काय गंमत झाली सांगू? पहिल्याच दिवशी कंपनीतले दोघे डबे घेऊन आत आले. त्यांना वाटलं कामगारांचं काही असेल. "राव, ह्यात मशिन कुठाय?" एक जण म्हणाला. दुसरा मात्र तात्यांच्या झोपेच्या चित्रासमोर थांबला. गोधडीवर सागरगोटे खेळणारी मी, आणि खाटेवर ते. बराच वेळ बघून म्हणाला, "आमच्या पोरी बी अशाच गप असत्यात. मला वाटायचं, त्यांचा सभावच तसा हाय." मग दोघं हॉलच्या कोपऱ्यापर्यंत गेले, रेघ बघितली, नावाचा अर्थ कळला, आणि डबे सावरत गुपचूप निघून गेले. हसले मात्र नाहीत.

कोपऱ्यात मी चित्र लावलंच नव्हतं. खिडकीखाली तुझी चटई, तांब्या, आणि खडूची रेघ. बस्स. जुन्या शेजारच्या शांतामावशी सुनेला घेऊन आल्या. वळसा घालून गेल्या, मग स्वतःच थबकल्या. "बघ मेलं, रीत सोडून किती वर्सं झाली, अन् पाय अजून उचलंना," म्हणाल्या. सगळ्या बायका तशाच वळसा घालत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

आणि आज दुपारी तात्या आले! पहिली पाळी करून, सायकलला डब्याची पिशवी लावून. दाराशी चपला काढल्या. एकेक चित्र बघितलं. स्वतःच्या चित्रापुढे म्हणाले, "लई झोपायचो मी." मग कोपऱ्याशी येऊन उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील.

"ती सांगायची मला," ते म्हणाले.

"काय?"

"मी सायकल लावत असलो की दारातनं म्हनायची, अहो, पाळी बदलली. की मी हात धुवून स्टोव्ह पेटवायचा."

आई! कंपनीतून तात्या येणार, आणि पाळी बदलल्याचं त्यांना तू सांगणार. हे उलटं आहे, हे मला इतक्या वर्षांत कळू नये? घरात तो शब्द तू माझ्यासमोर, उंबऱ्यात उभी राहून, खुशाल म्हणत होतीस आणि मी तुला मुकी समजत होते!

"हसायची म्हनताना," तात्या सांगत होते. "मग तू हाताशी आलीस. स्टोव्ह तुझ्याकडं गेला. मला सांगायचं तिला काय कारनच उरलं न्हाई." मग म्हणाले, "कुंदे, तिला न्हवती लाज. मला व्हती."

त्यांनी पाय उचलला, रेघ ओलांडली आणि तुझ्या चटईवर बसले. खिडकीकडे तोंड करून बसले. मीही आत जाऊन शेजारी बसले. आम्ही दोघंही रडलो, तुझ्यापासून लपवायचं काय? पण मला राहून राहून वाटत होतं, मी स्वयंपाकाला लागले आणि तुमच्या दोघांतलं ते बोलणंच बंद झालं. त्याची भरपाई आता कुणी करायची?

जाताना ते दारात वळले. "किल्ली दिऊन ये सावकाश. मी म्होरं जातो, पिठलं टाकतो." चपला घातल्या, पिशवी उचलली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाळी बदलली."

आता रेघ पुसते, आई. फरशी ओली झाली की ती पटकन जाईल. पिठल्यात गुठळ्या असतील तरी मी त्यांच्या हातातून पळी काढून घेणार नाही. आणि तुला वचन देते, आपल्या घरात हा शब्द यापुढे उंबऱ्यातून, तुझ्यासारखा हसत, मोठ्यानं म्हटला जाईल. तात्या झोपलेले असले तरी.

तुझी,
कुंदा