सुभेदाराचा कान

ता. ३ जानेवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.
आमच्या कुत्र्याचा, सुभेदाराचा, कान पुन्हा वाहतोय. मामा जनावरांचा डॉक्टर असून भाच्याचे हे हाल. माझ्या गळवाच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून काढून अर्ध्या-अर्ध्या दिल्या. एरवी गुण येतो, या वेळी नाही. शेवटी इथल्या दवाखान्यात पू तपासला. अहवाल सोबत आहे. महिनाअखेर ह्यांना नवा गुडघा बसवायचाय आणि सुभेदार झोपतो ह्यांच्याच पायाशी. काही भ्यायचं कारण नाही ना?
लोभ आहेच, तो लवकर उत्तरात दिसू दे.
तुझी ताई

ता. ८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
भ्यायचं कारण आहे. नेहमीची औषधं त्या जंतूला आता पाण्यासारखी. आपल्या घराण्याची रीतच ती: बरं वाटलं की गोळ्या बंद, उरलेल्या डब्यात, पुढे जो कण्हेल त्याच्या हातावर. अर्धवट मार खाल्लेला जंतू निर्ढावतो. तुझ्या हाताखाली मीही तसाच झालो. एक औषध अजून लागू पडतंय. ते पूर्ण दिलंस तर सुभेदार सुधारेल. पण हाच जंतू दाजींच्या नव्या सांध्यात शिरला, तर पायावर बेतेल. सर्जनना आजच सांग. घरात सगळ्यांच्या नाकातला नमुना तपासा. कुत्रं वेगळं ठेव, डबा रिकामा कर.
रागावलीस तरी चालेल, पण ऐक.
तुझा बापू

ता. १५ जानेवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.
नमुने दिले. सुभेदाराला गॅलरीत ठेवलंय. तो काचेला नाक लावून बसतो, आतून हे. मी दोघांची दुष्मन. ह्यांनी जेवण सोडलेलं नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत. मी चादरी उकळते, फोन वाजला की तपासणीचाच असेल म्हणून धावते. डबा अजून टाकवत नाही. काय हसायचं ते हस.
ताई

ता. २४ जानेवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.
ह्यांचं नाक स्वच्छ निघालं. माझं नाही. सर्जन म्हणाले, जंतू कुत्र्याकडून माणसाकडे येतो, तसा माणसाकडून कुत्र्याकडेही जातो. गळू आधी झालं होतं ना, मग सुभेदाराला बहुधा तुम्हीच दिला. मी फेरतपासणीत सुटेपर्यंत ऑपरेशन पुढे.
सुभेदाराचा कान सुकला, नमुनाही स्वच्छ आला. तो आत गेला, मी गॅलरीलगतच्या खोलीत, नाकात मलम घालून. डबा रिकामा करून धुतला, त्यात त्याची बिस्किटं भरली. दोघं गॅलरीत येऊन काचेतून माझ्याकडे बघत असतात. आज ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आपल्या हातानं.
लोभ असू दे, तूर्त लांबूनच.
तुझी ताई