काकीमांचा थर्मामीटर

डमडम, गुरुवार, संध्याकाळ

खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकीमा आज जुना थर्मामीटर रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. ‘पारा आहे आत. तुमच्याच कारखान्यात जाळा, कचरागाडीवाले कुठेही टाकतात,’ म्हणाल्या. किती विश्वासाने! घरोघरचा कचरा जाळताना पारा, शिसं चिमणीतून बाहेर जाऊ नये, हे बघणं माझंच काम.

धुरातला पारा अडवते ती कोळशाची पूड. ती सोमवारीच संपली. भट्टी बंद ठेवू म्हटलं, तर साहेब म्हणाले, ‘धूर काळा दिसतोय का? मग चालू द्या.’ पारा धुरात दिसतो का कधी? हे तेव्हाच तोंडावर बोलायचं होतं. नाही बोललो.

थर्मामीटर टेबलावरच होता. बायकोने, सुनंदाने विचारलं, ‘उद्या डब्याबरोबर देऊ? नेणार ना?’

‘नको,’ म्हणालो.

शेवटी तो थर्मामीटर मीच कपाटावर ठेवला, सईचा हात पोचणार नाही असा. लेक खिडकीशी अभ्यास करत होती. वारा आज आमच्या चिमणीकडूनच येतोय. उठलो, खिडकी लावली.

‘बाबा, उघडा ना,’ म्हणाली, ‘उकडतंय.’